लेकीला सुपारी नसते

गेल्या वर्षी बुद्धपौर्णिमेच्या संध्याकाळी माझी आत्या आमच्या गावात गायली. त्याआधी ती तिथे गायली होती तेव्हा मी पाटी घेऊन पहिलीत जात होतो. मधल्या काळात तिने विदर्भातल्या बहुतेक तालुक्यांत कार्यक्रम केले, कॅसेट काढल्या, चित्रपटांत कामे केली. फक्त स्वतःच्या गावात ती गायली नाही आणि गावाच्या शिवेच्या आतही आली नाही. गावाने तिला बाहेर ठेवले होते.

मी वाशीमला एका दैनिकात बातमीदार आहे. घरच्या माणसावर लिहू नये, असे मला काम शिकवणाऱ्यांनी सांगितले होते. तो नियम मी इथे मोडतो आहे. पण जे स्वतः पाहिले ते, आणि ज्यांनी पाहिले त्यांना विचारून घेतले ते, एवढेच लिहितो. जिथे खात्री झाली नाही तिथे तसे म्हटले आहे.

आमचे गाव कारंजा तालुक्यात आहे. एका बाजूला कामरगाव, दुसऱ्या बाजूला धनज. मोठ्या रस्त्यावर फाट्याला उतरून आत चालत जावे लागते किंवा जीपची वाट पाहावी लागते. गावाच्या पूर्वेला आमची बौद्ध वस्ती. आजोबांनी छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेतली. परत आल्यावर त्यांनी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि शेताकडच्या पडक्या विहिरीत टाकले. मग वस्तीतल्या इतर घरांचे देव गोळा केले. एका म्हातारीने टाक द्यायला नकार दिला, तेव्हा आजोबा तिच्या ओट्यावर दिवस मावळेपर्यंत बसून राहिले, असे सांगतात. ती विहीर अजून आहे. लहानपणी आम्हाला तिच्यात डोकावायची मनाई होती. ती पडण्याच्या भीतीने होती, देवांच्या भीतीने नव्हे, हे आजोबा मुद्दाम सांगत.

आत्या त्यांची धाकटी. माझे वडील थोरले. दीक्षेच्या वेळच्या बावीस प्रतिज्ञा, ज्यांत देवदेवता न पूजण्याचीही शपथ आहे, आजोबांनी साध्या चालीत बसवल्या होत्या आणि त्या ते शेतात काम करताना म्हणत. आत्याने त्या तिथेच उचलल्या. तिला अक्षरओळख होण्याआधी बावीसच्या बावीस पाठ होत्या, हे वस्तीतल्या तिच्या वयाच्या दोन बायांनी मला वेगवेगळे सांगितले. मातीच्या भिंतींच्या जुन्या विहारात वंदनेनंतर आजोबा तिला उभे करत आणि ती त्या प्रतिज्ञा गात असे.

पुढे तिची गायन पार्टी झाली. वडील ढोलकीवर. मंगरूळपीरकडचा एक तरुण पेटीवर, तो नंतर तिचा नवरा झाला. एक बेंजोवाला आणि मागे कोरसला दोघे. आमच्या भागात जयंतीच्या महिन्यात अशा पार्ट्यांना उसंत नसते. गावोगावी मंडप पडतात, कधी दोन पार्ट्या समोरासमोर बसवून सवाल-जवाबाचा मुकाबला लावतात. कार्यक्रम ठरवायला आलेले लोक नारळ आणि थोडी आगाऊ रक्कम देतात. त्याला सुपारी म्हणतात. सुपारी घेतली की तारीख पक्की. प्रत्येक पार्टीच्या फलकावर गायकाचे नाव आणि त्याखाली मुक्काम असतो. आत्याच्या फलकावर आमच्या गावाचे नाव होते.

अकोल्याच्या एका कार्यक्रमात चित्रपटाच्या कामावर असलेल्या माणसाने तिला ऐकले. त्यांना एक भूमिका भरायची होती आणि त्या भूमिकेला गाणे होते. आत्या कोल्हापूरकडे गेली आणि काम करून आली. घरी तिने सांगितले की सिनेमात काम केले, गाणेही आपलेच आहे. आजोबांनी वस्तीत पेढे वाटले. भूमिका कसली, हे कोणी विचारले नाही. तिनेही सांगितले नाही. का, असे मी तिला अलीकडे विचारले. ती म्हणाली, मला त्यात सांगण्यासारखे काही वाटले नाही.

चित्रपट कामरगावला टुरिंग टॉकीजमध्ये लागला. आमची वस्ती बैलगाड्या जुंपून आणि एक टेम्पो ठरवून गेली. मी वडिलांच्या मांडीवर होतो. मला तंबूच्या आतली गार जमीन आठवते, पुढे बसलेल्या माणसाचे बिडी ओढणे आठवते. आत्या पडद्यावर आली तेव्हा आमच्या लोकांनी शिट्ट्या मारल्या, त्याही आठवतात. ती केस मोकळे सोडून होती. कपाळभर कुंकू होते. देवीच्या जत्रेत अंगात आलेली बाई, ही तिची भूमिका. ती घुमत गायली, मग देवीपुढे आडवी पडली. शिट्ट्या बंद झाल्या. आजोबा उठले. त्यांच्यामागे आमची सगळी वस्ती उठली. चित्रपट अर्धाच झाला होता आणि मी त्यासाठी रडलो, एवढे माझे स्वतःचे स्मरण. पुढचे विचारून घेतलेले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात बैठक झाली. आजोबा अध्यक्ष होते. त्यांनी मुलीला समोर बसवले. तिथे हजर असलेल्यांपैकी आज तिघे हयात आहेत आणि तिघांच्या सांगण्यात फारसा फरक नाही.

आजोबा म्हणाले, "देव आमी एकदा घराबाहेर काढले. लेकीच्या हातानं परत आत येऊ देनार नाही."

आत्या म्हणाली, "मी देवीले हात नाही जोडले बाबा. कॅमेऱ्याले जोडले."

"पाह्यनाऱ्याले काय दिसलं?"



ठराव असा झाला की तिने विहारात सर्वांसमोर उभे राहून प्रतिज्ञा पुन्हा घ्याव्यात, मग विषय संपेल. तोवर तिने विहाराच्या मंचावर गाऊ नये आणि कोणी तिला घरात घेऊ नये. बैठकीतल्या बहुतेकांना वाटले की ती लगेच म्हणून टाकेल, तिला तर झोपेतही पाठ होत्या. ती म्हणाली की प्रतिज्ञा मोडलेलीच नाही तर पुन्हा कशी घेऊ. पुन्हा घेतली की मोडली होती असे होते. आजोबा म्हणाले, मग जा. ती पेटी घेऊन फाट्यावर गेली. वडील तिच्याबरोबर गेले नाहीत. त्यांनी ढोलकी माळ्यावर टाकली आणि त्यानंतर कोणाच्याही मागे वाजवली नाही.

यात वाईट माणूस कोण, असे मला पुष्कळांनी विचारले आहे. मला सापडला नाही. ज्या वस्तीने देव विहिरीत टाकल्यामुळे बाकीच्या गावाचा बहिष्कार सोसला, तिला पडद्यावरची आपली मुलगी देवीपुढे आडवी झालेली दिसली. वस्तीने नाटक-सिनेमा त्याआधी फार पाहिला नव्हता. काम आणि पूजा यांतला फरक तिला त्या दिवशी दिसला नाही. आत्याला तो इतका उघड होता की समजावून सांगायची तिला लाज वाटली.

ती आधी अमरावतीला राहिली, मग वाशीमला स्टेशनच्या बाजूला घर केले. लग्न झाले. पार्टीत नवा ढोलकीवाला आला. फलक मात्र तोच राहिला. नवऱ्याने एकदा सुचवले की मुक्काम बदलून वाशीम टाकू, लोकांना सोयीचे पडेल. ती म्हणाली, "मुक्काम वाशीम हाये. गाव वाशीम नाही." कॅसेट निघाल्या तेव्हा त्यांच्या वेष्टनावरही आमच्या गावाचे नाव गेले.

चित्रपटवाल्यांनी तिला आडनाव बदलायला सांगितले होते. श्रेयनामावलीत छोटे आणि गोड नाव बरे दिसते, असे त्यांचे म्हणणे. आमचे आडनाव गावावरून आहे, आणि त्यावरून वस्तीही कळते. तिने बदलले नाही. एका निर्मात्याने त्यापायी भूमिका दुसरीला दिली. दुसऱ्याने आडनाव ठेवून तिला घेतले. तिने मोठ्या भूमिका केल्या नाहीत. कैद्याची आई, बांगड्या भरणारी, सरपंचाची सासू, न्यायालयात एकच वाक्य बोलणारी मजूर बाई. एका चित्रपटात ती भटीण झाली, एकात मुसलमान दाई. देवीच्या भक्तिणीचे काम पुन्हा आले तेव्हा तेही केले. तिचे यजमान सांगतात की काम संपले की ती आधी कपाळ धूत असे, मग चहा पीत असे. अलीकडे वऱ्हाडी बोलीतल्या एका चित्रपटात तिला आजीची चांगली लांब भूमिका मिळाली. ती पाहून लोक तिला रस्त्यात थांबवू लागले.

कामरगावला ती दरवर्षी गायची. सुपारी तिकडच्या मंडळाची. आमच्या वस्तीतले लोक सायकली काढून, नंतर मोटारसायकली काढून तिथे जात. ठराव गावातला होता. कामरगावला जाऊ नये असे त्यात नव्हते. ते मंडपात मागे उभे राहत. आत्याला ते दिसत. ती मंचावरून त्यांना उद्देशून कधी काही बोलली नाही. पण त्या दिवशी बावीस प्रतिज्ञांची आजोबांची चाल ती हमखास घेई, असे कोरसमधल्या एकाने सांगितले. आजोबा स्वतः कधी गेले नाहीत. त्या संध्याकाळी ते शेताच्या धुऱ्यावर जाऊन कामरगावच्या दिशेने बसत, असे गावात सांगतात. याची खात्री मला करता आली नाही. तेवढ्या अंतरावरून लाउडस्पीकर ऐकू येतो की नाही, यावरही गावात दोन मते आहेत.

कारंज्याचा एक मुकाबला मी स्वतः पाहिला. तेव्हा मी कॉलेजात होतो. समोर यवतमाळकडची पार्टी होती. त्यांचा गायक तयारीचा आणि तोंडाळ. त्याने सवाल टाकला, "ज्या गावानं हाकललं, त्या गावाचं नाव फलकावर कोन्या तोंडानं लावतं बाई?" सवाल-जवाबात घरचे काढायचे नाही, असा अलिखित रिवाज आहे. त्याने तो मोडला होता. आत्याने पेटीवाल्याकडे पाहिले, सूर घेतला आणि उभ्या उभ्या जोडले:

वाट गावची बंद जाहली, नाळ तरी तुटली नाही,
शपथ घेतली ज्या ओठांनी, त्या ओठांतून सुटली नाही.

आमच्या गावचे लोक मागे होते. त्यांच्यातल्या एकाने टोपी वर फेकली. दुसऱ्या ओळीला मंडप उभा राहिला. यवतमाळच्या गायकाने आपल्या खिशातून नोट काढली, मंच ओलांडून आला आणि तिच्या पेटीवर ठेवली. मुकाबला तिथेच संपवावा लागला, कारण त्याने पुढचा सवाल टाकायला नकार दिला.

नोकरीसाठी मी नागपूरला मुलाखतीला गेलो तेव्हा संपादकांनी गावाचे नाव विचारले. मी सांगितले. तालुका विचारतील म्हणून थांबलो. ते म्हणाले, "म्हणजे त्या गायिकेचं गाव." मी हो म्हटले. नाते सांगितले नाही. घरी आल्यावर हे मी जेवताना बोललो. आजोबा तेव्हा होते. त्यांनी ताट सारून आईला विचारले, "संपादक म्हंजे मोठा मानूस असते काय?" आई म्हणाली, असतो. ते पुन्हा जेवायला लागले.

आजोबा वारले तेव्हा निरोप वाशीमला गेला. आत्या आणि तिचे यजमान फाट्यापर्यंत आले. आमची स्मशानभूमी नाल्याच्या अलीकडे आहे, फाट्यावरून दिसते. ती रस्त्यावर उभी राहिली. विधी आटोपल्यावर वडील चालत फाट्यावर गेले आणि तिच्या शेजारी उभे राहिले. बस येईपर्यंत ते तिथेच थांबले. हे तिच्या यजमानांनी सांगितले. वडिलांना मी विचारले नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या वस्तीने नवा विहार बांधायला घेतला. जुन्याच्या जागीच, पण विटा-सिमेंटचा, पुढे पक्का मंच. काम पाहणारे मंडळ तरुणांचे आहे. अध्यक्ष एका बँकेत नोकरी करतो. सगळे आत्याच्या गाण्यांवर वाढलेले, मोबाइलमध्ये तिची गाणी असलेले. लोकार्पणाला गायन कोणाचे, यावर चर्चाच झाली नाही. जुना ठराव आजोबांबरोबर संपला, असे त्यांनी धरले. नारळ, पाकीट आणि तिचा मोठा फोटो घातलेला फलकाचा नमुना घेऊन ते वाशीमला तिच्या घरी गेले.

तिने त्यांना चहा पाजला. कोण कोणाचा मुलगा हे विचारून घेतले. अध्यक्ष तिला मॅडम म्हणत होता. त्याने सांगितले की मानधन मॅडम म्हणतील ते. तिने नारळाला हात लावला नाही. तारीख खाली नाही, म्हणाली.

त्यांनी चौकशी केली. तारीख खाली होती. त्यांना वाटले, बाईंच्या मनात जुनी गोष्ट आहे. मग त्यांनी दिलगिरीचा ठराव केला, तो चांगल्या अक्षरात उतरवला, शाल घेतली आणि पुन्हा गेले. ठराव वाचून झाल्यावर ती हसली, हे अध्यक्षानेच मला सांगितले. ती म्हणाली, "माफी कोनाची मांगता रे पोट्टेहो? बोलले ते गेले. तुमी तवा जल्मले बी नोते."

शाल तिने ठेवून घेतली नाही. ज्याने ती आणली होती त्याच्याच खांद्यावर टाकली आणि म्हणाली, तुला शोभते.

अध्यक्ष माझ्या कार्यालयात आला. तो वैतागला होता. "काका, मोठ्या आर्टिस्टचे नखरे असतात म्हनतात, हे तेच काय?" मी म्हटले, विचारून पाहतो.

त्या रविवारी मी तिच्याकडे गेलो. ती मेथी निवडत होती. पुष्कळ वेळ तिने मला माझ्या मुलांचे विचारले. मग मी सुपारीचा विषय काढला.

"कामरगावची घेतली," ती म्हणाली. "अकोल्याची, पुसदची, कोनाची नाही घेतली? पन गाव लेकीले सुपारी देते काय? लेकीले न्याले येत असतात."

"कोण येतं?"

"भाऊ असला त भाऊ येते."

तिने मेथीच्या काड्या गोळा केल्या आणि बाहेर टाकायला गेली. परत आल्यावर पुन्हा माझ्या मुलांचे विचारले.

आमच्याकडे सासरच्या लेकीला माहेरी आणायचे असले की भाऊ जातो. मुराळी म्हणून जातो, तिच्या घरी जेवतो, तिच्या घरच्यांना विचारतो आणि तिची पिशवी आपल्या हातात घेऊन निघतो. निरोप पाठवून लेक येत नाही. हा रिवाज मंडळातल्या प्रत्येकाला माहीत होता. त्यांच्या आयांना असेच आणलेले आहे. पण त्यांच्या लेखी ती गायिका होती, आणि गायिकेला काय न्यायचे हेही त्यांना माहीत होते. त्यांनी तेच नेले.

मी हे वडिलांना सांगितले. ते अंगणात खाटेवर होते. ऐकून घेतले. म्हणाले, "बाबानं लावलेली कडी हाये. मी कशी काढू?"

आई आतून म्हणाली, "बाबा गेले, कडी काय इथंच ठेवून गेले?"

वडील कुशीवर वळले. विषय तिथेच राहिला. पौर्णिमा जवळ येत होती. मंडळाने नाइलाजाने दुसऱ्या पार्टीशी बोलणे सुरू केले. आत्याचे वय झाले होते. मागच्या हिवाळ्यात तिचा आवाज महिनाभर बसला होता, आणि डॉक्टरांनी जपायला सांगितले होते. ती गावात गाईल तर आता, हे सगळ्यांना कळत होते आणि कोणी म्हणत नव्हते.

लोकार्पणात मुलांची एक नाटिकाही होती. पाणवठ्यावर तहानलेल्यांना हाकलतात आणि शेवटी ते सगळे मिळून पाणी भरतात, अशी. तालीम आमच्या अंगणात चाले, कारण अंगण मोठे आहे. माझ्या भावाची मुलगी सातवीत आहे, तिचा आवाज खडा. तिला पुजाऱ्याचे काम दिले होते. नाटकाचे कपडे घालून पहिली तालीम झाली त्या दिवशी मी गावात होतो. आईच्या पांढऱ्या लुगड्याचे धोतर, शिवणाच्या दोऱ्याचे जानवे, काळ्या लोकरीची शेंडी, कपाळावर गंध. पोरीने घंटी वाजवली, हात जोडले, डोळे मिटले. तालीम घेणारे गुरुजी ओरडले, "नीट जोड हात. खरं वाटलं पाह्यजे." तिने पुन्हा जोडले. मग डोळे उघडून तिने पाण्यावर आलेल्यांना असे हाकलले की शेजारची म्हातारी खाटेवरून म्हणाली, "अवं माय, पोट्टीत भट घुसला." सगळी वस्ती हसली. टाळ्या झाल्या. त्या जुन्या बैठकीला हजर असलेल्या आणि आज हयात असलेल्या तिघांपैकी ही एक.

वडील हसले नाहीत. ते पोरीकडे पाहत होते. तालीम संपल्यावर ती पाणी प्यायला त्यांच्याकडे आली. त्यांनी दुपट्ट्याचे टोक तांब्यात बुडवले आणि तिचे कपाळ पुसले. पुसता पुसता विचारले, "हात जोडले तवा मनात काय होतं तुह्या?"

पोरगी म्हणाली, "पुढचा डायलॉग."

वडिलांनी मान हलवली. संध्याकाळी त्यांनी शिडी मागवली आणि माळ्यावरून ढोलकी काढली. तिच्या कातड्याच्या पुड्या फाटल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ते ती घेऊन कारंज्याला गेले आणि नव्या पुड्या चढवून आणल्या. परत आल्यावर मला फोन केला. "गाडी हाये ना तुह्याजवळ? वाशीमले जाऊ."

मी त्यांना नेले. कारंजा, मंगरूळपीर, वाशीम. वाटेत ते पावसापाण्याचे बोलले. आत्याच्या घरापुढे गाडी थांबली तेव्हा ती दारातच होती. मी कळवले नव्हते. तिने कोणाकडून ऐकले, हे कळले नाही.

"सुपारी आनली काय दादा?" तिने विचारले.

"खाली हातानं आलो, बाई."

"मंग ये."

तिने भाकरी टाकल्या, आंबाडीची भाजी केली, ठेचा केला. जेवण होईपर्यंत चित्रपटाचा, विहाराचा, आजोबांचा विषय निघाला नाही. ती बेंजोवाल्याच्या मुलाच्या लग्नाचे सांगत होती. जेवण झाल्यावर वडील तिच्या यजमानांपुढे बसले आणि रिवाजाप्रमाणे म्हणाले, "बहिनीले न्याले आलो, पाहुणे."

यजमान म्हणाले, "न्या. अन् या वेळी फाट्यावरूनच परत नका आणू."

आत्याने पिशवी आधीच भरून ठेवली होती. वडिलांनी ती उचलली. पेटी मी गाडीत ठेवली.

गावाच्या फाट्यावर तिने गाडी थांबवायला सांगितली. आजोबांच्या वेळी जिथे उभी होती तिथे उतरली, थोडे पाहिले आणि पुन्हा बसली. वस्तीत आई तांब्या घेऊन उभी होती. तिने आत्याच्या पायांवर पाणी घातले. मंडळाचे तरुण एका बाजूला होते. अध्यक्षाने हात जोडून जयभीम केला. त्याला मॅडम म्हणावे की काय, ते सुचत नव्हते. शेवटी "आत्याबाई" म्हणाला. ती म्हणाली, "हे तवाच म्हनला असता त दोन खेपाचं पेट्रोल वाचलं असतं."

पौर्णिमेच्या संध्याकाळी वंदना झाली, त्रिशरण-पंचशील झाले, मुलांची नाटिका झाली. अंधार पडायच्या आत आत्या मंचावर बसली. पेटीवर सकाळी वाशीमहून आलेले यजमान, ढोलकीवर वडील. कामरगावचे, धनजचे लोक आले होते. ते मागे उभे होते आणि आमचे लोक पुढे बसले होते.

पहिल्या गाण्याला वडिलांचा हात मागे पडला. आत्याने त्यांच्याकडे पाहिले नाही, लय कमी केली. दुसऱ्याला तो जमला. बरीच गाणी झाल्यावर तिने पेटी थांबवायला सांगितली.

"याच जागेवर मले प्रतिज्ञा म्हनाले सांगतल्या होत्या," ती माइकवर म्हणाली. "येकटीनं म्हनल्या नाही. आज सगळे मिळून म्हनू. उभे राहा."

पुढे बसलेले उठले. मागे उभे असलेल्यांनी चपला काढल्या. शेजारच्या म्हातारीला दोघींनी धरून उभे केले. आत्याने आजोबांची चाल घेतली, आणि पहिल्यापासून बाविसाव्यापर्यंत ती म्हणत गेली आणि सगळे तिच्यामागे म्हणत गेले. वडील ढोलकी वाजवत होते आणि म्हणतही होते. सातवीतली पोरगी मंचाच्या कडेला होती. तिने शेंडी काढलेली नव्हती.

मंडळाने त्या दिवशी तिला पाकीट दिले नाही. ती घरी राहिली. निघताना आईने तिला लुगडे नेसवले आणि वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या. वडील तिला वाशीमपर्यंत पोहोचवून आले. नव्या विहाराच्या कोनशिलेवर गायकांची नावे नाहीत, त्यामुळे तिचेही नाही. तिच्या पार्टीचा फलक तोच आहे.

यंदा एप्रिलमध्ये जयंतीच्या आधी वडील तिला आणायला पुन्हा वाशीमला गेले. एसटीने गेले, आणि ढोलकी सोबत नेली.